तोंडी वचन, लेखी कागद आणि न मिळालेला मोबदला

शेतकऱ्याचा बहुतेक व्यवहार आजहि शब्दावर चालतो. बैलजोडी दोन दिवसांकरितां मागून आणावयाची, ट्रॅक्टरनें नांगरट करून घ्यावयाची, ऊसतोडीची उचल द्यावयाची, कांद्याचा ढीग बांधावरच व्यापाऱ्यास तोलून द्यावयाचा, शेजाऱ्याच्या विहिरीचें पाणी एक दिवसाआड घ्यावयाचें. यांपैकीं कोणत्याहि गोष्टीसाठीं कोणी मुद्रांक आणावयास जात नाहीं. ही रीत वाईट आहे असें म्हणण्याचें कारण नाहीं. शब्दाला किंमत असल्याशिवाय गांवगाडा एक दिवसहि चालावयाचा नाहीं. मात्र जो शब्द दोन दिवसांच्या बैलजोडीला पुरतो तो दीड एकर जमिनीला पुरत नाहीं, हा भेद ज्यांनीं ओळखला नाहीं अशा पुष्कळ शेतकऱ्यांचे अर्ज प्रस्तुत लेखकानें महसुली दप्तरांत नोकरी करीत असतां वाचले आहेत. त्या अर्जांत मजकूर निरनिराळा असे, पण शेवटचें वाक्य बहुधा एकच असे: “त्यानें शब्द दिला होता, तो पाळला नाहीं, सबब माझी जमीन मला परत मिळावी.” असा अर्ज बहुशः निष्फळ कां होतो, आणि तो करण्याची पाळी येऊं नये म्हणून काय करावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

तोंडी करार कायद्यानें खरा कीं खोटा?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. तोंडी करार मुळांतच रद्द असतो असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याचें दहावें कलम असें सांगतें कीं, करार करण्यास पात्र अशा पक्षांनीं, स्वखुशीच्या संमतीनें, कायदेशीर मोबदल्यासाठीं व कायदेशीर उद्देशानें केलेला प्रत्येक ठराव हा करार होय. तो लेखीच असावा अशी सरसकट अट तेथें नाहीं. मात्र दुसऱ्या एखाद्या कायद्यानें लेख, साक्षीदार किंवा नोंदणी आवश्यक केली असेल तर ती अट कायम राहते. मालविक्रीचा कायदा १९३० सालचा. त्याच्या पांचव्या कलमाप्रमाणें मालाची विक्री लेखी, तोंडी, अंशतः लेखी व अंशतः तोंडी, किंवा नुसत्या वागणुकीवरूनहि होऊं शकते. तेव्हां बांधावर ठरलेला कांद्याचा सौदा हा पक्का सौदा आहे. अडचण येते ती सौदा खरा असण्यांत नव्हे, तर तो कोर्टांत शाबीत करण्यांत.

मोबदला म्हणजे काय?

कराराचा प्राण मोबदला हा होय. सरकारी मराठींत यास ‘प्रतिफल’ म्हणतात. वचन देणाराच्या इच्छेवरून दुसऱ्यानें कांहीं केलें, करण्याचें टाळलें, किंवा करण्याचें अगर टाळण्याचें कबूल केलें, तर तें त्या वचनाचें प्रतिफल होय. मोबदला पैशांतच असला पाहिजे असें नाहीं. पाण्याची पाळी, जाण्यायेण्याची वाट, पिकाचा वांटा, दावा मागें घेणें, हाहि मोबदलाच आहे. तो पुरेसा आहे कीं नाहीं हें न्यायालय सहसा तोलून पाहत नाहीं. लाखाची वस्तु कोणी राजीखुशीनें हजाराला दिली तर केवळ तेवढ्यावरून करार रद्द होत नाहीं.

मोबदला मुळींच नसेल तर मात्र पंचविसाव्या कलमानें ठराव रद्द होतो. यास अपवाद तीन आहेत. जवळच्या नातलगांनीं प्रेमापोटीं लिहून व नोंदवून दिलेलें वचन, पूर्वीं आपखुशीनें केलेल्या उपकाराची फेड करण्याचें वचन, आणि मुदतबाह्य झालेलें कर्ज फेडण्याचें सहीचें लेखी वचन. प्रत्यक्ष देऊन टाकलेल्या बक्षिसासहि हा नियम लागत नाहीं. तेव्हां “पुढल्या सालीं तुला एक गाय देईन” असें कोणी नुसतें उदारपणें म्हणाला व गाय दिली नाहीं, तर त्याच्यावर दावा चालत नाहीं.

आतां मोबदला न मिळण्याचे प्रकार तीन आहेत आणि त्यांची गल्लत केल्यानेंच बहुतेकांचे दावे बिघडतात. मोबदला मुळांत ठरलाच नाहीं, हा पहिला प्रकार. येथें करारच नाहीं. मोबदला ठरला, त्याच्या भरंवशावर आपण पैसे दिले, आणि पुढें तो मोबदला अजिबात निष्फळ झाला, हा दुसरा प्रकार. येथें दिलेले पैसे परत मागतां येतात. करार रद्द ठरल्यास ज्याला जो लाभ मिळाला असेल तो त्यानें परत करावा अगर त्याची भरपाई द्यावी असें पासष्टावें कलम सांगतें. मोबदला ठरला, कांहीं दिला, कांहीं राहिला, किंवा देण्याचें नुसतें कबूल करून दिला नाहीं, हा तिसरा प्रकार. हा करारभंग होय. येथें बाकी रक्कम किंवा त्र्याहत्तराव्या कलमाप्रमाणें नुकसानभरपाई मिळते, पण झालेला व्यवहार आपोआप उलटत नाहीं. शेतकऱ्याची समजूत अशी असते कीं, आपला व्यवहार दुसऱ्या प्रकारांत बसतो. तो बहुधा तिसऱ्यांत बसतो, आणि तेथेंच त्याची फसगत होते.

जमिनीची गोष्ट निराळी

जमीन ही कांद्याची रास नव्हे. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या चौपन्नाव्या कलमाप्रमाणें शंभर रुपये व त्याहून अधिक किंमतीची स्थावर मिळकत विकावयाची तर ती नोंदलेल्या दस्तानेंच विकतां येते. विक्रीचा नुसता करार, ज्यास आपण विसारपावती किंवा साठेखत म्हणतों, त्यानें जमिनींत कोणताहि हक्क निर्माण होत नाहीं. असा करार तोंडीहि असूं शकतो हें सर्वोच्च न्यायालयानें १९९० सालच्या एका निकालांत मान्य केलें आहे. परंतु तो शाबीत करण्याचा मोठा बोजा तोंडी कराराचें नांव घेणारावरच आहे, हेंहि त्याच निकालांत सांगितलें आहे. कराराच्या भरंवशावर ताबा घेणारास त्रेपन्न-अ या कलमाचें जें संरक्षण मिळतें, त्यासाठींहि लेख लागतो, आणि २००१ सालच्या दुरुस्तीपासून तो लेख नोंदलेला असावा लागतो. म्हणजे “त्यानें ताबा दिला, मी दहा वर्षें शेत कसलें” एवढ्यानें भागत नाहीं.

याच चौपन्नाव्या कलमांत एक शब्द असा आहे कीं जो प्रत्येक विकणारानें पाठ करून ठेवावा. विक्री म्हणजे दिलेल्या, किंवा देण्याचें वचन दिलेल्या, किंवा अंशतः दिलेल्या व अंशतः वचन दिलेल्या किंमतीबद्दल मालकीचें हस्तांतरण होय. अर्थ असा कीं, किंमत एक रुपयाहि हातीं आली नसली तरी, “देतों” एवढ्या वचनावर आपण दस्त नोंदून दिला तर मालकी गेली. मग राहतें तें केवळ पैसे मागण्याचें काम.

सुरतेकडील एक प्रकरण

हें किती अंगावर येतें याचें ढळढळीत उदाहरण शेजारच्या गुजराथेंतील आहे. सुरत जिल्ह्यांतील एका शेतकरी कुटुंबानें २००९ सालीं जिल्हाधिकाऱ्याची परवानगी घेऊन आपली शेतजमीन सुमारें १ कोटि ७४ लाख रुपयांस खरेदीखतानें दिली. किंमत ३६ धनादेशांनीं मिळाली असें खतांत लिहिलेलें होतें. पुढें २०१४ च्या डिसेंबरांत त्या कुटुंबानें दावा लावला. त्यांचें म्हणणें असें कीं, ६ धनादेशांचे मिळून ४०,००० रुपये तेवढे हातीं आले, बाकीचे ३० धनादेश खोटे होते; सबब खरेदीखत रद्द व्हावें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि २०२० च्या जुलैंत निकाल लागला. न्यायालयानें म्हटलें कीं, वादीचें सर्व म्हणणें खरें धरलें तरी, किंमतीचा कांहीं भाग न मिळणें हें नोंदलेलें खरेदीखत रद्द करण्याचें कारण होऊं शकत नाहीं. बाकी रकमेसाठीं दुसरा इलाज करावयास हवा होता. शिवाय धनादेश वटले नाहींत हें २००९ सालींच कळावयास पाहिजे होतें, आणि मुदत तीन वर्षांची. दावा आरंभींच फेटाळला गेला. याच निकालांत ज्या जुन्या, १९९९ सालच्या निवाड्याचा आधार घेतला आहे तो आपल्याच महाराष्ट्रांतून गेलेल्या दाव्यांतील होता. खतावर सही करतेवेळीं सर्व किंमत पोंचलीच पाहिजे असें नाहीं; मालकी देण्याचा हेतु होता कीं नाहीं हें पहावयाचें, असें त्यांत ठरलें होतें.

तर मग विकणारास कांहींच आधार नाहीं काय? आहे. त्याच १८८२ च्या कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमानें, किंमत पुरी न मिळतां मालकी गेली असेल तर बाकी रकमेपुरता विकलेल्या जमिनीवर विकणाराचा बोजा राहतो. हा बोजा बजावण्याची मुदत बारा वर्षांची आहे. परंतु ज्या तिऱ्हाइतानें पैसे मोजून व या बाकीची वार्ता नसतां ती जमीन पुढें विकत घेतली, त्याच्याविरुद्ध हा बोजा चालत नाहीं. आणि खतांत आपणच “सर्व रक्कम भरून पावलों, तक्रार नाहीं” असें लिहून ठेवलें असेल तर त्या तिऱ्हाइतास बाकीची वार्ता लागावी कशी? दस्तलेखक सवयीनें लिहितो आणि शेतकरी न वाचतां सही करतो, त्या एका ओळीनें हा आधारहि हातचा जातो.

पाण्याच्या पाळीचें एक प्रकरण

सेवेंत असतां पाहिलेली एक हकीकत येथें नांवगांव न देतां सांगतों. एका शेतकऱ्याचा रस्त्यालगत दीड एकराचा स्वतंत्र गट होता व मागें चार एकर जिराईत होतें. शेजाऱ्याजवळ बारमाही पाण्याची विहीर होती, पण रस्ता नव्हता. दोघांचें ठरलें कीं, रस्त्याकडील गट शेजाऱ्यास द्यावा आणि शेजाऱ्यानें मागल्या चार एकरांस कायमचें एक दिवसाआड पाणी द्यावें. खरेदीखत झालें. त्यांत नांवापुरती किंमत व “रोख पावलों” एवढेंच आलें; पाण्याचा उच्चारहि नाहीं. “आपण कांहीं परके आहों काय?” असें त्या वेळीं दोघेहि म्हणाले. चार वर्षें पाणी सुरळीत मिळालें. त्या भरंवशावर शेतकऱ्यानें मोसंबीची बाग लावली. पांचव्या वर्षीं शेजारी वारला आणि मुलांनीं विहिरीसकट सर्व जमीन परगांवच्या गृहस्थास विकली. नव्या मालकानें मोटारीची कळ स्वतःच्या खोलींत नेली आणि “माझ्या खतांत पाणी नाहीं” असें उत्तर दिलें. ऐन चैत्रांत बाग वाळली.

शेतकरी सातबाऱ्यावरील नोंद रद्द करावी म्हणून कचेरींत आला. त्याला सांगावें लागलें कीं, फेरफाराची नोंद ही नोंदलेल्या खताच्या मागून येते. मोबदला मिळाला किंवा नाहीं याचा निवाडा महसुली अधिकाऱ्यास करतां येत नाहीं, तो दिवाणी न्यायालयाचा विषय आहे. त्यानें दिवाणी दावा केला. सात वर्षांनीं तडजोड होऊन थोडी रक्कम मिळाली. जमीन व पाणी दोन्हीं गेलीं तीं गेलींच. येथें कोणी लबाड होता असें म्हणवत नाहीं. ज्यानें वचन दिलें त्यानें जिवंत असेतों तें पाळलें. वचन माणसाबरोबर गेलें आणि कागद मागें राहिला, इतकेंच. तोंडी व्यवहारांत खरा धोका लबाडीचा कमी व मृत्यूचा अधिक, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

लेखाविरुद्ध तोंडी पुरावा

लेख झाल्यावर तोंडी बोलण्याची किंमत काय राहते? १८७२ सालच्या पुरावा कायद्याचीं ९१ व ९२ हीं कलमें या बाबतींत प्रसिद्ध होतीं. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष अधिनियम आला आहे व तींच तत्त्वें त्यांत ९४ व ९५ या कलमांत आलीं आहेत. सामान्य नियम असा कीं, कराराच्या अटी लेखांत उतरल्यावर त्यांत भर घालणारा, त्या बदलणारा किंवा खोडणारा तोंडी ठराव सांगूं देत नाहींत. पण नियमास अपवाद आहेत. फसवणूक, धाकदपटशा, चूक, मोबदल्याचा अभाव किंवा तो निष्फळ होणें, हें तोंडी पुराव्यानें दाखवितां येतें. ज्या गोष्टीविषयीं लेख गप्प आहे व जी लेखाशीं विसंगत नाहीं अशा निराळ्या ठरावाचाहि पुरावा देतां येतो; मात्र दस्त जितका औपचारिक तितकी न्यायालयाची नजर कडक. दस्त केवळ देखावा होता, तो अंमलांत यावा असा हेतु कधींच नव्हता, असेंहि दाखवितां येतें, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालच्या निकालांत सांगितलें आहे. दार अगदींच बंद नाहीं. पण तें उघडण्यास साक्षीदार, पैशाचा माग आणि वेळेवर केलेली हालचाल लागते.

वचन देतांना तें पाळण्याचा हेतुच नव्हता हें सिद्ध झालें तर सतराव्या कलमाखालीं ती फसवणूक होते व करार टाळतां येतो. पण वचन मागाहून मोडलें एवढ्यावरून आरंभींचा हेतु खोटा होता असें ठरत नाहीं.

सावकारी व्यवहाराची गोष्ट अलाहिदा आहे. “कर्ज फेडलेंस कीं जमीन परत लिहून देईन” अशा तोंडी वचनावर खरेदीखत करून देण्याची चाल जुनी आहे. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें जे दंगे झाले त्यांच्या मुळाशीं असेच कागद होते. लोकांनीं जाळले ते मुख्यतः सावकारांचे रोखे व खतें. त्यानंतर १८७९ सालीं आलेल्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें गांवनोंदणी कामगार नेमून शेतकऱ्याचा दस्त त्याच्यासमोर व्हावा आणि त्यांत मोबदला पूर्णपणें नमूद व्हावा अशी तजवीज केली. तो कायदा पुढें रद्द झाला, पण त्यांतील शहाणपण रद्द झालेलें नाहीं. आज महाराष्ट्रांत २०१४ सालचा सावकारी नियमनाचा कायदा आहे. त्याच्या अठराव्या कलमाखालीं, सावकारीच्या ओघांत कर्जाचें तारण म्हणून गेलेल्या जमिनीबद्दल पंधरा वर्षांच्या आंत जिल्हा निबंधकाकडे अर्ज करतां येतो आणि चौकशींत तसें दिसून आल्यास जमीन परत देण्याचा हुकूम होऊं शकतो. खऱ्या विक्रीस मात्र हा इलाज लागूं नाहीं.

बियाणें आणि माल

बियाणें विकणारा दुकानदार “एकरीं इतकें उतरेल” असें तोंडी सांगतो. बी उगवलेंच नाहीं तर शेतकऱ्यास ग्राहक आयोगाकडे जातां येतें, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालच्या निकालांत स्पष्ट केलें आहे. तेथें मुदत दोन वर्षांची. पावती, पिशवी व तिची चिठ्ठी जपून ठेवावी आणि थोडें बी शिल्लक ठेवावें. मालाच्या बाबतींत, माल ताब्यांत आहे तोंवर किंमतीसाठीं तो अडकवून धरण्याचा हक्क विकणारास आहे. गाडी भरून गेली कीं तो हक्क गेला आणि किंमतीच्या दाव्यासाठीं तीन वर्षें उरलीं.

काय करावें?

वरील विवेचनाचें सार व्यवहारांत आणावयाचें तर पुढील गोष्टी पुरेशा आहेत.

१. जें वचन घेऊन जमीन देतां तें वचन त्याच दस्तांत लिहा. पाणी, वाट, परतफेड, कांहींहि असो. जमीन परत देण्याची अट वेगळ्या चिठ्ठीवर असेल तर १९२९ सालच्या दुरुस्तीपासून तो व्यवहार कायद्याप्रमाणें गहाण ठरत नाहीं. अट खरेदीखतांतच हवी.

२. “भरून पावलों” ही ओळ पैसे हातीं आल्याशिवाय लिहूं देऊं नये. बाकी असेल तर रक्कम, तारीख आणि “बाकीपोटीं जमिनीवर बोजा राहील” हें शब्द घालावे.

३. मुद्रांक शुल्क वांचविण्याकरितां किंमत कमी लिहूं नये. वरची रक्कम बुडाल्यास आपल्याच कागदाविरुद्ध बोलण्याची पाळी येते.

४. रोख देणें टाळावें. बँकेंतून गेलेल्या पैशाचा माग राहतो. तो दहा साक्षीदारांपेक्षां भारी असतो.

५. विहिरींतील हिस्सा, पाइपलाइनीची वाट यांचा लेख नोंदवावा. नुसती परवानगी ही बहुधा मागें घेतां येते. परवानगीच्या भरंवशावर आपण खर्चून पक्कें बांधकाम केलें असेल तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या साठाव्या कलमाचा आधार असतो, पण त्यावर विसंबूं नये.

६. लहान सौदा असेल तर वहीचें एक पान पुरे. तारीख, माल, वजन, दर, रक्कम, देण्याचा दिवस, दोघांच्या सह्या. भ्रमणध्वनीवरून त्याच दिवशीं पाठविलेला दोन ओळींचा निरोपहि उपयोगीं पडतो.

७. वचन मोडल्याचें दिसतांच लेखी नोटीस द्यावी. करारभंग, निष्फळ मोबदला, विक्रीचा करार पुरा करून घेणें, या सर्वांची मुदत तीन वर्षांची आहे. “आज देतों, उद्यां देतों” यांतच ती निघून जाते, आणि तोंडी आश्वासनानें ती वाढत नाहीं.

कांहीं मंडळी म्हणतील कीं, भावाभावांत किंवा शेजाऱ्याशेजाऱ्यांत कागद मागणें म्हणजे अविश्वास दाखविणें होय. हा आक्षेप मनाला लागणारा आहे, पण बरोबर नाहीं. कागद हा आजच्या दोघांसाठीं नसतो. त्यांची एकमेकांवर श्रद्धा आहेच. तो त्यांच्या मुलांसाठीं असतो, ज्यांनीं तें बोलणें ऐकलेलें नाहीं. बापानें दिलेलें वचन पाळण्याची इच्छा असलेल्या मुलासहि तें वचन नेमकें काय होतें हें कळण्यास साधन पाहिजे. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये असें आपण म्हणतों. ती न चढण्याचा खरा उपाय दुय्यम निबंधकाच्या कचेरीची पायरी वेळेवर व पुरा मजकूर घेऊन चढणें हाच आहे. आमच्या शेतकरी बंधूंनीं पुढील हंगामाचे व्यवहार ठरवितांना एवढें केलें, तर पुष्कळ बागा वाळावयाच्या राहतील.